नाताळचा केक आणि पप्पांची शुगर

आमच्या घरच्या नाताळच्या केकचं माप आईच्या वहीत एका ओळीत मावतं: मैदा, साखर, लोणी प्रत्येकी पाव किलो, अंडी पाच, सुकी फळं अर्धा किलो, काजू शंभर ग्रॅम. वसईतल्या आमच्या नात्यातल्या बऱ्याच घरांत थोड्याफार फरकाने हेच माप चालतं. पूर्वी मिश्रण घरी कालवायचं आणि पत्र्याचे साचे गावातल्या बेकरीच्या भट्टीत न्यायचे. आता ओव्हन घरोघरी आले, पण वहीतली ओळ तीच राहिली.

पप्पांना डायबेटिस निघाल्यावर पहिल्या नाताळात त्यांनी केकला हातच लावला नाही. घरात पाहुणे आले की ताटली पुढे करायची, स्वतः मात्र चणे खात बसायचं. कुणी आग्रह केला की "मला आता नको" एवढंच म्हणायचे. ते बघून मला फार वाईट वाटलं. त्यांच्यासाठी वेगळा, ‘पेशंटचा’ केक करायचा असं मावशीने सुचवलं होतं. मला ते पटलं नाही. घरात सणाला एकच केक असावा आणि तो सगळ्यांनी खावा, हे मी तेव्हाच ठरवलं.

त्यांचा एचबीए१सी, म्हणजे साधारण तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी दाखवणारा आकडा, तेव्हा ८.४ होता. डॉक्टरांना तो ७ च्या आसपास आणायचा होता. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड अशा दोन गोळ्या सुरू होत्या. केकचं विचारलं तेव्हा आहारतज्ज्ञ बाईंनी ‘बंद’ असं सांगितलं नाही. त्या म्हणाल्या, "एका तुकड्यात कार्बोहायड्रेट किती ग्रॅम आहेत ते काढून आणा, मग बोलू." माझं सगळं काम त्या एका वाक्यातून सुरू झालं.

वहीतलं माप घेऊन मी हिशोबाला बसले. मैद्याचे १९० ग्रॅम, साखरेचे सरळ २५०, काजूचे ३०. आणि फळांचे? मनुके-बेदाणे १०० ग्रॅम घेतले तर त्यात ७९ ग्रॅम कार्बोहायड्रेट असतात आणि त्यातला बहुतेक भाग साखरच. द्राक्षातलं पाणी उडतं, साखर जागेवर राहते. तासगाव-सांगलीकडे साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो, यावरूनच गोडी किती दाटत असेल ते कळतं. टुटी-फ्रुटी म्हणजे पाकात मुरवलेली कच्ची पपई. केकवरची लाल चेरी आपल्याकडे बरेचदा पाकातलं करवंद असतं. संत्र्याची मुरवलेली सालही तशीच. सगळं मिळून फळांचे ३९२ ग्रॅम झाले. म्हणजे आमच्या केकमध्ये साखरेपेक्षा फळांचाच वाटा मोठा होता. साखर कमी केली की काम झालं असं घरात सगळे धरून चालले होते, ते त्या कागदावर मिटलं.

एकूण ८६२ ग्रॅम. भाजून झाल्यावर केक साधारण १,४५० ग्रॅम भरतो, ६० ग्रॅमचे २४ तुकडे. एका तुकड्यात ३६ ग्रॅम कार्बोहायड्रेट, म्हणजे दोन फुलक्यांएवढे. आणि ६० ग्रॅमचा तुकडा तळहाताच्या अर्ध्यातही मावतो! आहारतज्ज्ञ बाईंनी कागद बघितला आणि पंधराच्या आसपास आणायला सांगितलं.

या काळात सल्ले खूप मिळाले आणि सगळे मायेपोटी होते. साखरेऐवजी गूळ घाल, मध घाल, खजूर घाल, ते नैसर्गिक असतं. आमच्याकडे आखातात नोकरीला असलेली मंडळी खूप, सुट्टीवर येताना प्रत्येकजण खजुराचे डबे आणतो, त्यामुळे खजुराचा आग्रह जास्त. खजूर चांगलाच आहे. त्यात तंतू आहेत, साखरेसारखा तो एकदम रक्तात उतरत नाही. पण १०० ग्रॅम खजुरात साखर ६० ग्रॅमच्या वरच असते. पाव किलो साखर काढून पाव किलो खजूर वाटून घातला तर केक काळा, मऊ, सुरेख होतो, आणि शुगर वाढायची ती वाढतेच. गूळ तर रक्तात जाऊन साखरेसारखाच वागतो. ही गोष्ट मी घराघरांत सांगत फिरते, कारण ‘गुळाचं आहे’ म्हणून दोन-दोन तुकडे खाणारे डायबेटिसचे पेशंट मी बघते आहे.

दुकानातला ‘शुगर फ्री’ केकही आणून बघितला. वेष्टनावर मागे बारीक अक्षरात मैदा, बेदाणे आणि माल्टिटॉल नावाचं गोडी आणणारं द्रव्य होतं. माल्टिटॉल साखरेपेक्षा कमी, पण शुगर वाढवतंच, आणि जास्त पोटात गेलं की पोट बिघडतं. ‘नो अ‍ॅडेड शुगर’ याचा अर्थ वरून घातली नाही एवढाच. बेदाण्यात आहे ती आहेच.

मग फळं निवडायला बसले. ताटात ढीग केले आणि प्रत्येकाचा आकडा शेजारी लिहिला. पाकातलं सगळं, म्हणजे टुटी-फ्रुटी, चेरी, मुरवलेली साल, सरळ बाहेर. सुकी क्रॅनबेरी हल्ली सगळीकडे मिळते, तीही पाकात घोळवलेली असते. प्रून, म्हणजे सुकवलेलं आलुबुखार, मात्र मला सापडलेलं रत्न! १०० ग्रॅममध्ये ६४ ग्रॅम कार्बोहायड्रेट, पण त्यातला काही भाग सॉर्बिटॉल नावाचं गोड द्रव्य. ते हळूहळू आणि अर्धवटच शोषलं जातं. तंतू ७ ग्रॅम. आणि वाटलं की काळपट, ओलसर लगदा होतो. साखर काढल्यावर केकला नेमकी त्याचीच गरज असते. जर्दाळूही चांगला, आंबट असल्यामुळे थोडक्यात भागतं. पण जर्दाळूत पोटॅशियम भरपूर, म्हणून त्याचं नाव काढताच डॉक्टरांनी आधी पप्पांचा किडनीचा, म्हणजे क्रिएटिनिनचा, रिपोर्ट बघितला. किडनी ठीक होती म्हणून परवानगी मिळाली. ज्यांची किडनी नाजूक आहे त्यांनी हे विचारल्याशिवाय करू नये.

राहिली सुकेळी. आगाशी-नंदाखालकडची राजेळी केळी सोलून, उन्हात वाळवून, केळीच्या सुक्या पानात बांधलेली. आमच्या केकमध्ये ती आजीच्या काळापासून आहेत आणि पप्पांना केकमध्ये दुसरं काही दिसलं नाही तरी सुकेळ्याचा तुकडा लागतोच. गोडीला ती मनुक्यांना हार जाणार नाहीत. मी ती काढायच्या विचारात होते. पप्पा म्हणाले, "अगं, बाकी सगळं काढ. सुकेळं नसेल तर मग तो आपला केक नाही." मग मनुके कमी केले आणि एक सुकेळं ठेवलं. शेवटी माप असं बसलं: प्रून ८० ग्रॅम, जर्दाळू ५०, काळे मनुके ४०, सुकेळं ३०. अर्ध्या किलोच्या जागी २०० ग्रॅम.

एवढ्या फळांत केक रिकामा वाटेल अशी आईला धास्ती होती. त्यावर तिनेच तोड काढली. मनुका अख्खा न घालता सुरीने चार तुकडे करायचे, जर्दाळू आणि सुकेळं मुगाच्या दाण्याएवढं बारीक. सुरीला तूप लावलं तर चिकटत नाही. वेळ लागतो, पण घासागणिक दाताखाली काहीतरी येतं. अख्खे मनुके असले की एका तुकड्यात दहा आणि दुसऱ्यात दोन, त्यामुळे ग्रॅमचा हिशोबही फसतो. बारीक केल्यावर प्रत्येक तुकडा सारखा.

रमचं सांगायला हवं, कारण सगळे तेच विचारतात. आमच्याकडे फळं ऑगस्टपासून बरणीत रममध्ये पडायची. रममध्ये साखर जवळजवळ नसते, आणि भाजताना बरंच मद्य उडून जातं. अडचण वेगळीच होती: भिजून फुगलेली फळं वजनावर घेता येत नाहीत. ती बाहेर काढून तोलली तर त्यात फळ किती आणि रम किती ते कळत नाही. म्हणून फळं आधी कोरडी तोलायची, चिरायची, आणि आदल्या रात्री दीड वाटी कडक कोऱ्या चहात भिजवायची. चहात दालचिनीचा तुकडा, दोन लवंगा, जायफळ. संत्र्याच्या रसात भिजवायची पद्धतही आहे, पण रसाची साखर उगाच वाढते. सकाळी फळांनी चहा सगळा प्यायलेला असतो. मग वासापुरती दोन चमचे रम. पप्पांना ग्लिमेपिराइड सुरू आहे. त्या गोळीवर रिकाम्या पोटी दारू घेतली तर शुगर एकदम खाली येऊ शकते. दोन चमच्यांनी तसं होत नाही, पण सणाच्या दिवशी पाहुणे ग्लास पुढे करतात तेव्हा ही गोष्ट घरात सगळ्यांना माहीत असलेली बरी.

दालचिनीने शुगर उतरते असंही कानावर येतं. मी ती वासासाठी घालते, औषध म्हणून नाही.

आता साखर. साखर केकमध्ये नुसती गोडीसाठी नसते, हे मला या सगळ्यात नीट कळलं. लोणी आणि साखर फेटताना साखरेचे कण लोण्यात हवा कोंडतात, त्यानेच केक फुलतो. ती ओलावा धरून ठेवते, पोत नरम ठेवते, वरून तांबूस रंग आणते आणि केक टिकवते. ती काढली की या प्रत्येक कामाला दुसरा गडी लावावा लागतो.

हवेचं काम आईने केलं. अंड्यांतलं पांढरं आणि पिवळं वेगळं करायचं. पांढऱ्यात लिंबाच्या रसाचे चार थेंब घालून ते शिखरं उभी राहीपर्यंत फेटायचं. साखर नसल्यामुळे हा फेस लवकर बसतो, म्हणून तो सगळ्यात शेवटी, बाकी सगळं तयार असताना फेटायचा आणि लगेच मिसळायचा. लाकडी चमच्याने खालून वर, हलक्या हाताने. आईचा हात बघण्यासारखा असतो. ती भांडं एका हाताने फिरवते, दुसऱ्याने चमचा, आणि फेसाचा शेवटचा पांढरा धागा दिसेनासा झाला की तिथेच थांबते. एक फेरा जास्त नाही. मिक्सरला ते जमत नाही.

ओलाव्याला वाटलेले प्रून, किसलेलं सफरचंद आणि दही. सफरचंद सालीसकट, १५० ग्रॅमचं एक. किसून पिळायचं नाही. दही १०० ग्रॅम, बांधून थोडं घट्ट केलेलं. रंगाला आई साखर काळी होईपर्यंत जाळून कॅरॅमल करायची. त्याऐवजी १५ ग्रॅम बिनसाखरेचा कोको आणि चमचाभर कॉफी पावडर गरम पाण्यात विरघळवून. रंग अगदी तोच येतो, आणि त्या किंचित कडूपणामुळे फळांची गोडी उठून दिसते. चिमूटभर मीठही त्याच कामाचं.

मैद्याऐवजी १५० ग्रॅम बदाम आणि १०० ग्रॅम कणीक. बदाम सालीसकट चालतात. मिक्सरमध्ये नुसते फिरवले तर तेल सुटून गोळा होतो, म्हणून त्यातच दोन चमचे कणीक घालायची आणि थांबत थांबत फिरवायचं. नुसत्या बदामाचाही केक करून बघितला. आकडा आणखी खाली आला, पण तुकडा हातात धरला की भुगा होतो. कणीक हवीच. काजूच्या जागी अक्रोड, १०० ग्रॅम, कोरडे भाजून आणि तळव्यात चोळून. सालीचा कडवटपणा त्याने बराच जातो. लोणी १२० ग्रॅम पुरतं, कारण बदाम-अक्रोडाचं तेल आहेच. बेकिंग पावडर दीड चमचा.

गोडीसाठी पर्यायही बघितले. अ‍ॅस्पार्टेम भट्टीत गोडी धरत नाही. सुक्रालोज टिकतं, पण चिमूटभर लागतं, त्यामुळे साखरेची जागा भरून निघत नाही. एरिथ्रिटॉल साखरेसारखं दाणेदार असतं आणि शुगर वाढवत नाही, पण खाल्ल्यावर जिभेवर पेपरमिंटसारखा गारवा राहतो. आईने एक घास खाल्ला आणि ताटली बाजूला सारली. मग काहीच न घालायचं ठरलं. प्रून, सुकेळं, सफरचंद आणि एका ताज्या संत्र्याची किसलेली साल. ही साल लोण्यात बोटांनी चोळायची, म्हणजे तिचं तेल लोण्यात उतरतं आणि सगळ्या केकला वास येतो. फक्त नारिंगी भाग किसायचा, खालचा पांढरा कडू असतो. पहिल्या घासाला हा केक कमी गोड वाटतो हे खरं आहे, ते लपवण्यात अर्थ नाही. दुसऱ्या दिवशी मात्र चव बदलते. फळांचा रस आत पसरतो, मसाला मुरतो. म्हणून मी तो आदल्या दिवशी करते आणि त्याच दिवशी कुणाला कापू देत नाही.

भाजताना आच कमी. बदाम आणि फळं वरून पटकन करपतात, म्हणून १६० अंशावर, आठ इंची साच्यात, पाऊण ते एक तास. अर्ध्या वेळानंतर वर फॉइल. फळांवर आधी चमचाभर कणीक भुरभुरली तर ती तळाशी बसत नाहीत. सुई घालून बघायची, पण प्रूनमुळे ती अगदी कोरडी कधीच येत नाही. ओलं पीठ चिकटलं नाही म्हणजे झालं.

हिशोब मांडला तो असा. एकूण कार्बोहायड्रेट साधारण २९० ग्रॅम, ६० ग्रॅमचे २० तुकडे, एकात १५ ग्रॅमच्या जरा खाली. शिवाय जवळपास ३ ग्रॅम तंतू. कॅलरी मात्र एका तुकड्यात १९० च्या आसपास आहेत, कारण बदाम-अक्रोड-लोणी. त्यामुळे ‘डायबेटिसचा केक’ म्हणून दोन तुकडे खायची मुभा मिळत नाही.

कागदावरचा आकडा आणि शरीरातला आकडा एकच असेल असं नाही. डॉक्टरांना विचारून आम्ही ग्लुकोमीटरवर बघितलं. एके दिवशी संध्याकाळी चार वाजता बिनसाखरेच्या चहाबरोबर जुन्या मापाचा एक तुकडा: आधी १२८, दोन तासांनी २१४. दुसऱ्या दिवशी तीच वेळ, तोच चहा, नव्या मापाचा तुकडा: आधी १२४, दोन तासांनी १५८. जेवणानंतर दोन तासांनी १८० च्या आत हवी असं पप्पांना सांगितलेलं होतं. पट्टीवरचा आकडा आला तेव्हा पप्पा काही बोलले नाहीत. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी मीटर डोळ्यांजवळ नेला, मग आईला दाखवला, मग मला. आणि आईला म्हणाले, "वहीत लिही."

आईने लिहिलं. जुनी ओळ खोडली नाही, तिच्याखाली नवं माप लिहिलं. मला त्याचा किती आनंद झाला ते सांगता येणार नाही. ती साखरेवाचून केक कसला म्हणणारी होती.

त्या वर्षी नाताळात हाच एक केक झाला. दुपारच्या जेवणात पप्पांनी भात अर्धा घेतला आणि जेवणाच्या शेवटी केकचा तुकडा खाल्ला. आहारतज्ज्ञ बाईंचा सल्ला तोच होता: चार वाजता नुसता खाण्यापेक्षा मासळी, भाजी, कोशिंबीर यांच्यानंतर खाल्ला तर शुगर सावकाश चढते, आणि तेवढा भात-भाकरी कमी करायची. करंज्या आणि फुगे, म्हणजे पिठाचे तळलेले गोळे, त्यांनी एकेकच घेतले. पाहुण्यांना आम्ही काहीच सांगितलं नव्हतं. काहींनी साखर कमी आहे असं ओळखलं, बऱ्याच जणांनी सुकेळ्याची तारीफ केली.

साखर नसल्यामुळे हा केक टिकत नाही, हे मात्र ध्यानात ठेवावं लागतं. जुना केक डब्यात महिनाभर राहायचा. हा बाहेर दोन दिवस, फ्रीजमध्ये जेमतेम आठवडा, मग बुरशी धरते. म्हणून दुसऱ्या दिवशी, मुरला की, सगळा कापून, एकेक तुकडा बटर पेपरमध्ये गुंडाळून फ्रीझरमध्ये टाकते. खायच्या आधी अर्धा तास बाहेर काढायचा. याने आणखी एक सोय होते: समोर अख्खा केक नसतो, एकच तुकडा असतो.

इन्सुलिन घेणाऱ्या एका आत्येने माप मागून नेलं. तिला मी तुकड्याचे १५ ग्रॅम लिहून दिले आणि डोस स्वतःच्या मनाने न बदलता डॉक्टरांना हा आकडा दाखवायला सांगितलं. तिच्या ओव्हनला खालची आच जास्त आहे, तिने साच्याखाली जाड कागदाचे दोन थर घातले आणि दहा मिनिटं आधी काढला. येत्या इस्टरला याच मापात सफरचंदाऐवजी भोपळा किसून घालायचा आमचा विचार आहे. भोपळ्यात कार्बोहायड्रेट आणखी कमी, पण पाणी जास्त, त्यामुळे दही निम्मं करावं लागेल असं आई म्हणते.